माजी सैनिक कोणाला म्हणावे?

कोणत्याही संघटनेची घटना हाती घेतली तर पहिल्या पानावर ध्येयधोरणे आढळतात. ती बहुधा सर्वांची सारखीच असतात : बंधुभाव, परस्परसाहाय्य, देशसेवा, दिवंगतांचे स्मरण. संघटनेचे खरे स्वरूप मात्र त्यापुढच्या, काहीशा रुक्ष वाटणाऱ्या कलमात दडलेले असते. सभासद कोणाला होता येईल हे सांगणारे ते कलम. शिक्षकांच्या वा कारकुनांच्या संघटनेत काम केलेल्या कोणालाही याचा अनुभव असतो. तात्पुरत्या नेमणुकीवरील माणसाला सभासद करावयाचे की नाही, वरिष्ठ अधिकाऱ्याला आत घ्यावयाचे की नाही, या प्रश्नांवर जितके रण माजते तितके मोठमोठ्या ठरावांवरही माजत नाही. माजी सैनिकांच्या संघटना याला अपवाद नाहीत. उलट त्यांच्या बाबतीत या कलमाला अधिकच धार येते. कारण येथे ‘सभासद कोण?’ या प्रश्नाच्या पोटात ‘लढला कोण?’ हा प्रश्न असतो आणि त्याच्याही पोटात ‘देशाने कोणाचे देणे मान्य करावयाचे?’ हा तिसरा प्रश्न असतो.

या प्रश्नांची जितकी निरनिराळी उत्तरे अमेरिकेत दिली गेली तितकी क्वचितच अन्यत्र दिली गेली असतील. तेथे जवळजवळ प्रत्येक युद्धानंतर नवी संघटना उभी राहिली, प्रत्येकीने आपला उंबरठा वेगळ्या उंचीवर बांधला आणि त्या उंचीप्रमाणे तिचे पुढील आयुष्य घडले. २०२२ च्या अग्निपथ योजनेमुळे ‘माजी सैनिक कोण?’ हा प्रश्न भारतातही नव्याने उभा राहिला आहे. अशा वेळी तो इतिहास नजरेखालून घालणे अगत्याचे ठरते.

अधिकाऱ्यांची वंशपरंपरा

१७८३ च्या वसंत ऋतूत अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपत आले होते. वॉशिंग्टनची सेना हडसन नदीच्या खोऱ्यात तळ देऊन होती. पण तिच्या पगाराची थकबाकी तशीच होती. युद्ध संपेपर्यंत सेवेत राहणाऱ्या अधिकाऱ्यांना तहहयात अर्धा पगार देण्याचे वचन काँग्रेसने १७८० मध्ये दिले होते. ते पाळले जाईल की नाही याची कोणालाच शाश्वती नव्हती. मार्च महिन्यात न्यूबर्गच्या छावणीत असंतोष इतका वाढला की, खुद्द वॉशिंग्टनला अधिकाऱ्यांपुढे उभे राहून त्यांची समजूत घालावी लागली. अखेरीस तहहयात अर्ध्या पगाराऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार अशी तडजोड झाली. या वातावरणातच, १३ मे १७८३ रोजी, जनरल हेन्री नॉक्स याच्या योजनेप्रमाणे ‘सोसायटी ऑफ द सिन्सिनाटी’ स्थापन झाली. नांगर सोडून रणांगणावर जाणारा आणि विजयानंतर पुन्हा नांगराकडे वळणारा रोमन वीर सिन्सिनाटस हा तिचा आदर्श.

नाव शेतकऱ्याचे असले तरी सभासदत्व शेतकऱ्याला खुले नव्हते. तीन वर्षे सेवा केलेले, अथवा युद्धसमाप्तीपर्यंत सेवेत राहिलेले अधिकारी आणि त्यांच्या जोडीला काही फ्रेंच अधिकारी एवढेच सभासद होऊ शकत. प्रत्येकाने एक महिन्याचा पगार निधीत द्यावयाचा, त्यातून गरजू सभासदांना व त्यांच्या विधवांना साहाय्य करावयाचे, ही योजना स्तुत्यच होती. पण पुढची अट वेगळीच होती. सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचे स्थान त्याच्या ज्येष्ठ पुरुष वारसाकडे जावयाचे होते. राजाचे जोखड नुकतेच फेकून दिलेल्या देशात सरदारकीचे बीज पेरले जात आहे, अशी ओरड लगोलग सुरू झाली. दक्षिण कॅरोलायनाचा न्यायाधीश ईडेनस बर्क याने त्याच वर्षी एक पुस्तिका लिहून या संस्थेवर घणाघाती हल्ला चढविला. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात तिची थट्टा केली. मान द्यावयाचाच तर तो खाली वंशजांकडे नव्हे, वर आईबापांकडे गेला पाहिजे. कारण माणूस घडविण्यात निदान त्यांचा वाटा तरी असतो, असा त्याचा मथितार्थ होता. संस्थेचा अध्यक्ष असलेल्या वॉशिंग्टननेही १७८४ च्या बैठकीत वारसाहक्काचे कलम काढून टाकण्याचा आग्रह धरला. तथापि राज्यशाखांनी त्याला एकमुखी संमती दिली नाही आणि वारसाहक्क टिकला.

ही संस्था आजही अस्तित्वात आहे. तिचे सभासद मूळ अधिकाऱ्यांचे वंशज आहेत. त्याच युद्धात लढलेल्या सामान्य शिपायाचे काय झाले हे मात्र वेगळ्या पानावर लिहिलेले आहे. अपंग नसलेल्या गरजू शिपायाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी १८१८ साल उजाडावे लागले आणि गरजेची अट गळून पडण्यासाठी १८३२. तोपर्यंत युद्ध संपून जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. शिपायांची बाजू सतत मांडणारी संघटना नव्हती, आणि जी संघटना होती तिच्या कलमात शिपाई बसत नव्हता. या दोन गोष्टींचा त्या विलंबाशी काहीच संबंध नव्हता, असे म्हणणे धाडसाचे होईल.

एकाच युद्धाची बिरादरी

पुढची मोठी संघटना नेमक्या उलट तत्त्वावर उभी राहिली. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने वीस लाखांहून अधिक माणसे लढली; त्यांतील बहुसंख्य शेतकरी, कारागीर, दुकानदार होते. ६ एप्रिल १८६६ रोजी इलिनॉय राज्यातील डेकाटर गावी डॉ. बेंजामिन स्टीफन्सन या लष्करी शल्यवैद्याने ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ची पहिली शाखा स्थापन केली. १८६१ ते १८६५ या काळात संघराज्याच्या भूदलात वा नौदलात सेवा केलेली असावी आणि सन्मानपूर्वक सेवामुक्ती मिळालेली असावी, एवढीच सभासदत्वाची अट होती. हुद्द्याचा भेद नव्हता. जनरल आणि साधा शिपाई शाखेच्या बैठकीत परस्परांना ‘साथी’ म्हणूनच संबोधीत.

पण सभासदत्वाच्या कलमाशी खेळण्याचा मोह येथेही आवरला नाही. १८६९ मध्ये नवा सभासद, मधला सभासद आणि पूर्ण सभासद अशा तीन पायऱ्या निर्माण करण्यात आल्या आणि पायरीगणिक विधी ठरले. छावणीत एका ताटात जेवलेल्या माणसांना ही उतरंड रुचली नाही. सभासद झपाट्याने गळू लागले आणि दोनच वर्षांत, १८७१ मध्ये, ती पद्धत गुंडाळावी लागली. समानतेच्या पायावर बांधलेल्या संस्थेत पायऱ्या घातल्या की पायाच खचतो, हा धडा तिने स्वानुभवाने घेतला.

त्यानंतर ग्रँड आर्मीची वाढ विलक्षण झाली. १८९० मध्ये तिची सभासदसंख्या चार लाखांच्या वर गेली. युद्धातील मृतांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा जो दिवस तिने १८६८ मध्ये सुरू केला तो पुढे राष्ट्रीय स्मृतिदिन झाला. १८९० च्या कायद्याने नव्वद दिवस सेवा केलेल्या आणि पुढे कोणत्याही कारणाने अंगमेहनतीस असमर्थ झालेल्या सैनिकाला निवृत्तिवेतन मिळू लागले. अपंगत्व युद्धातच आलेले असावे, ही अट राहिली नाही. हा विजय प्रामुख्याने या संघटनेच्या रेट्याचा होता. काही वर्षांतच संघसरकारच्या एकूण खर्चाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग निवृत्तिवेतनावर जाऊ लागला. खोट्या दाव्यांचा सुळसुळाट झाला, राजकीय पक्ष या गठ्ठा मतांमागे धावू लागले, अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु त्याच टीकेत संघटनेच्या शक्तीची कबुलीही होती.

या उंबरठ्याची आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. ग्रँड आर्मीच्या घटनेत वर्णभेदाला स्थान नव्हते. दक्षिणेतील काही गोऱ्या सभासदांनी कृष्णवर्णीयांच्या शाखा वेगळ्या काढण्याची मागणी केली, ती १८९१ च्या डेट्रॉइट अधिवेशनाने फेटाळली. व्यवहारात अनेक शाखा वेगळ्याच राहिल्या, हे खरे; पण नियमाने त्याला संमती दिली नाही. दुसरे उदाहरण सारा एडमंड्स हिचे. पुरुषवेषात, फ्रँकलिन थॉम्प्सन या नावाने, तिने मिशिगनच्या पलटणीत सेवा केली होती. १८९७ मध्ये तिला सभासद करून घेण्यात आले. लढला कोण, या प्रश्नाचे उत्तर नावावरून नव्हे, कृतीवरून द्यावे, असा त्याचा अर्थ होता.

मात्र एका बाबतीत ही संस्था तसूभरही हटली नाही. सभासद तो, जो त्या एका युद्धात लढला. नंतरच्या युद्धांतील सैनिकांना तिने आत घेतले नाही. मुलांसाठी वेगळी संस्था निघाली. पण मूळ संस्थेचा वारसाहक्क कोणालाच दिला गेला नाही. १९४९ मध्ये इंडियानापोलिसला शेवटचे अधिवेशन भरले तेव्हा सहा वृद्ध सभासद हजर होते. २ ऑगस्ट १९५६ रोजी अल्बर्ट वुलसन हा अखेरचा सभासद वारला आणि त्याच्याबरोबर संस्थाही संपली. सिन्सिनाटीने वंशाच्या आधारे अमरत्व मिळविले; ग्रँड आर्मीने मृत्यू पत्करला, पण न लढलेल्याला सैनिक म्हटले नाही. यातील प्रामाणिकपणा आदरणीय आहे. परंतु अशा प्रामाणिकपणाची एक किंमत असते. चार लाखांची शक्ती एका पिढीबरोबर चितेवर चढली आणि पुढच्या युद्धातून परतलेल्यांना पुन्हा पहिल्या विटेपासून सुरुवात करावी लागली.

समुद्रापार आणि समुद्राअलीकडे

ती सुरुवात १८९९ मध्ये झाली. स्पेनशी झालेल्या युद्धातून आणि फिलिपाइन्समधून परतलेल्या आजारी, जखमी सैनिकांची विचारपूस करणारे कोणी नव्हते. ओहायोतील कोलंबस आणि कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे त्यांनी आपापल्या संघटना काढल्या. १९१४ पर्यंत अशा संघटनांचे एकीकरण होऊन ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’ हे नाव रूढ झाले. तिची अट परदेशातील युद्धमोहिमेत सेवा केलेली असावी अशी होती. युद्ध कोणते याला महत्त्व नव्हते. समुद्र ओलांडला की नाही याला होते. त्यामुळे ही संस्था कोणत्याही एका पिढीशी बांधली गेली नाही आणि आजवर टिकली. परंतु मायदेशीच्या छावणीत, कोठारात वा इस्पितळात राबलेला सैनिक तिच्या लेखी बाहेरचाच राहिला. शिवाय स्त्रियांना सभासदत्व देण्यासाठी तिला १९७८ पर्यंत वेळ लागला.

पहिल्या महायुद्धानंतर मार्च १९१९ मध्ये पॅरिस येथे अमेरिकन सैनिकांची सभा भरली, मे महिन्यात सेंट लुईसला दुसरी भरली आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला काँग्रेसने ‘अमेरिकन लिजन’ला सनद दिली. लिजनने समुद्राची अट घातली नाही. युद्धकाळात गणवेश घातला असेल आणि सन्मानाने सेवामुक्ती झाली असेल तर माणूस फ्रान्सच्या खंदकात होता की टेक्ससच्या छावणीत, हे विचारावयाचे नाही, असे ठरले. परिचारिका म्हणून वा नौदलाच्या कचेऱ्यांत काम केलेल्या स्त्रियांनाही आरंभापासून प्रवेश होता. मात्र शाखांना मान्यता देण्याचा अधिकार राज्य-विभागांकडे ठेवण्यात आला आणि दक्षिणेतील विभागांनी त्याचा उपयोग कृष्णवर्णीय सैनिकांना दूर ठेवण्यासाठी केला. केंद्रीय नियम उदार असूनही अंमलबजावणी कृपण असू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

लिजनची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. ग्रँड आर्मीच्या वाटेने जाऊन एका युद्धाची बिरादरी म्हणून राहावे, की नव्या पिढीला आत घ्यावे? १९४२ मध्ये, युद्ध चालू असतानाच, सनदेत दुरुस्ती करून नव्या सैनिकांना प्रवेश देण्यात आला. १९४६ मध्ये सभासदसंख्या तेहतीस लाखांच्या घरात पोचली. हा केवळ आकड्यांचा विजय नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांना काय भोगावे लागले याची आठवण जुन्या सभासदांना होती. १९२४ मध्ये मंजूर झालेले वाढीव मानधन १९४५ पर्यंत हाती येणार नव्हते. मंदीने भुकेकंगाल झालेले हजारो माजी सैनिक ते मागण्यासाठी १९३२ मध्ये वॉशिंग्टनला जमले, तेव्हा जनरल मॅकार्थरच्या सैन्याने त्यांची वस्ती उधळून लावली. ती रक्कम अखेर १९३६ मध्ये मिळाली. हे पुन्हा घडू नये म्हणून लिजनचा माजी अध्यक्ष हॅरी कोल्मेरी याने १९४३ च्या अखेरीस व पुढल्या महिन्यात एका नव्या कायद्याचा मसुदा हाताने लिहून काढला. २२ जून १९४४ रोजी तो संमत झाला. सैनिकांना शिक्षण, घरासाठी कर्जाची हमी आणि बेकारी भत्ता देणाऱ्या या कायद्याचा लाभ घेऊन सुमारे बावीस लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. इतर अभ्यासक्रम व प्रशिक्षण घेणारे धरले तर ती संख्या अठ्ठ्याहत्तर लाख होते. जुन्या पिढीने नव्या पिढीसाठी केलेले हे काम. पहिल्या पिढीने दार बंद ठेवले असते तर ते कोणी केले असते?

तरीही लिजनच्या कलमात एक गाठ राहिलीच. सभासदत्व युद्धाच्या अधिकृत तारखांना बांधलेले होते. कोरिया, व्हिएतनाम, लेबनॉन अशा प्रत्येक प्रसंगी तारखांचा नवा कंस घातला जाई. दोन कंसांच्या मधल्या काळात ज्याने सेवा केली, क्वचित प्राणही दिला, तो कलमाबाहेर राही. ३० जुलै २०१९ च्या कायद्याने ही गाठ सोडविण्यात आली. ७ डिसेंबर १९४१ पासूनचा सर्व काळ एकसंध धरण्यात आला आणि त्या काळात सन्मानाने सेवा केलेल्या प्रत्येकाला सभासदत्व खुले झाले. वाढत्या वयामुळे घटणारी सभासदसंख्या हेही या बदलामागचे एक कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गरजेपोटी घेतलेला निर्णयही न्याय्य असू शकतो.

इंग्लंडमधील चार वाटा

इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर सैनिकांच्या एक नव्हे, चार संघटना उभ्या राहिल्या. त्यांतील ‘नॅशनल फेडरेशन’ने तर सिन्सिनाटीचे कलम उलटे फिरविले. शिपाईगिरीतून वर चढलेला असल्याशिवाय अधिकाऱ्याला तिच्यात प्रवेश नव्हता. त्याला उत्तर म्हणून सत्ताधारी वर्तुळांच्या पाठिंब्याने ‘कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर’ निघाली, आणि १९२० मध्ये अधिकाऱ्यांनी स्वत:ची वेगळी संघटना काढली. एकाच खंदकात चिखल तुडविलेली माणसे शांततेत चार दारांतून आत-बाहेर करीत होती आणि सरकारला त्यांच्यापैकी कोणाचेही निर्णायकपणे ऐकावे लागत नव्हते. या अनुभवाने सर्वांचे डोळे उघडले. १५ मे १९२१ रोजी चारही संघटना विलीन होऊन ‘ब्रिटिश लिजन’ स्थापन झाली. फील्ड मार्शल हेग अध्यक्ष झाला आणि कार्यकारी धुरा शिपाई म्हणून लढलेल्या टॉम लिस्टरकडे आली. तीत हुद्द्याची अट राहिली नाही. १९८१ पासून तर सेवेत असलेल्या सैनिकांनाही तिने सभासद होण्याची मुभा दिली. म्हणजे सैनिक माजी होईपर्यंत वाट पाहण्याची गरजही उरली नाही.

भारतात कलम कोण लिहितो?

भारतात परिस्थिती एका मूलभूत बाबतीत वेगळी आहे. अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये उंबरठा किती उंच असावा याचा विचार मुख्यत: संघटनांनी केला; भारतात तो प्रथम सरकारने केला. येथे ‘माजी सैनिक’ ही सरकारी नियमांतील व्याख्या आहे. ती वेळोवेळी बदलत आली आहे. एखादा मनुष्य तिच्यात बसतो की नाही हे त्याची सेवा कोणत्या तारखेला, किती वर्षांनंतर आणि कोणत्या कारणाने संपली यावर अवलंबून असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळणारे ओळखपत्र, नोकरीतील राखीव जागा, मुलांच्या शिक्षणातील सवलत, वैद्यकीय योजना या साऱ्यांची किल्ली त्या व्याख्येत आहे.

महाराष्ट्राला या किल्लीचे मोल फार पूर्वीच कळले होते. कोकणातील दापोली हे एकोणिसाव्या शतकात लष्करी पेन्शनरांचे गाव होते. सैन्यातून निवृत्त होऊन तेथे स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली. १८९० नंतरच्या फेररचनेत महारांची लष्करभरती बंद करण्यात आली, तेव्हा तिच्याविरुद्ध १८९४ मध्ये त्यांनी अर्ज तयार केला. ज्यांच्या बापजाद्यांनी मुंबई सैन्यात पिढ्यान्पिढ्या सेवा केली त्यांना ‘लढाऊ’ मानावयाचे नाही, असे सरकारने ठरविले होते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे पाठविलेल्या निवेदनातही हीच मागणी होती. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ उजाडले. निवृत्तिवेतनाच्या चार रुपयांपेक्षा सैनिक या नावामागची प्रतिष्ठा आणि त्यातून येणारा नागरिकत्वाचा दावा त्या पेन्शनरांना अधिक मोलाचा वाटत होता. व्याख्येतून बाहेर फेकला गेलेला माणूस केवळ सवलतीला मुकत नाही. आपल्या इतिहासालाही मुकतो.

आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची कथा याच सूत्रातील आहे. लाल किल्ल्यातील खटल्यांच्या वेळी सारा देश त्यांच्या पाठीशी उभा राहिला. परंतु स्वातंत्र्यानंतर त्यांना सैन्यात सरसकट परत घेण्यात आले नाही. १९७२ च्या योजनेत त्यांना निवृत्तिवेतन मिळाले ते स्वातंत्र्यसैनिक म्हणून. सन्मान मिळाला, पण तो दुसऱ्या रकान्यात.

‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीच्या लढ्यातही अखेरचा वाद व्याख्येवरच येऊन ठेपला होता. जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिक धरणे धरून बसले. ५ सप्टेंबरला मागणी मान्य झाल्याची घोषणा झाली, तेव्हा स्वेच्छेने सेवा सोडणाऱ्यांना लाभ मिळणार नाही, या एका वाक्याने पुन्हा वादळ उठले. ७ नोव्हेंबरच्या आदेशात ती अट पुढील काळापुरती मर्यादित करण्यात आली. एका वाक्याने किती घरांचे हिशेब बदलतात, हे त्या वेळी दिसले.

अग्निवीर आणि उंबरठा

आता प्रश्न अग्निवीरांचा आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार तरुण चार वर्षांसाठी भरती होतो. एका तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. बाकीच्यांना एकरकमी सेवा निधी मिळतो. निवृत्तिवेतन नाही आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पूर्ण होतात. म्हणजे गणवेश घातलेला, शपथ घेतलेला, कदाचित सीमेवर गोळीबार अनुभवलेला तरुण पंचविशीच्या आसपास घरी परत येईल, आणि नियमाच्या भाषेत तो ‘माजी अग्निवीर’ असेल, माजी सैनिक नव्हे.

यावर जो आक्षेप घेतला जातो तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंधरा-वीस वर्षे सेवा करून आलेल्या हवालदाराच्या आणि चार वर्षांच्या अग्निवीराच्या त्यागाचे माप एकच कसे मानावयाचे? राखीव जागा मर्यादित, वैद्यकीय योजनेचा निधी मर्यादित. वाटेकरी वाढले तर जुन्यांच्या ताटातले कमी होणार. ही भीती खरी आहे. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. सभासदत्व निराळे आणि सवलत निराळी. सवलत सेवेच्या प्रमाणात असू शकते, किंबहुना असावीही. निवृत्तिवेतन किती वर्षांच्या सेवेनंतर द्यावयाचे हे ठरविणे शासनाचे काम आहे आणि त्यावर मतभेद होऊ शकतात. परंतु हा मनुष्य सैनिक होता की नव्हता, या प्रश्नाला प्रमाण नसते. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असू शकते. अमेरिकेत १८९० मध्ये निवृत्तिवेतनासाठी नव्वद दिवसांची सेवा पुरेशी मानली गेली होती. चार वर्षांच्या सेवेला नाव देतानाही अडखळणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड करू नये.

शासन आपली व्याख्या केव्हा बदलील, बदलील की नाही, हे आज सांगता येत नाही. मात्र स्वत:च्या घटनेतील सभासदत्वाचे कलम लिहिण्याचा अधिकार संघटनांपासून कोणी हिरावून घेतलेला नाही. फील्ड मार्शल करिअप्पांच्या प्रेरणेने वाढलेल्या इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीगपासून तालुक्याच्या गावी एखाद्या खोलीत भरणाऱ्या माजी सैनिकांच्या मंडळापर्यंत प्रत्येक संस्थेला हा निर्णय आपल्या पातळीवर घेता येण्यासारखा आहे. सरकारी ओळखपत्र असलेल्यालाच सभासद करावयाचे ठरविले तर संघटना सरकारच्या व्याख्येची सावली होऊन राहील. सन्मानाने सेवा पूर्ण केलेल्या प्रत्येकाला आत घेतले तर अग्निवीराला नोकरीचा अर्ज लिहिण्यापासून उपचाराची दाद मागण्यापर्यंत अनुभवी माणसांचा हात मिळेल. आणि संघटनेलाही, पेन्शनरांची संख्या पुढे कमी होत जाईल तेव्हा, तरुण रक्त मिळेल. १८६९ च्या ग्रँड आर्मीप्रमाणे ‘अर्धा सभासद’, ‘पाव सभासद’ अशा पायऱ्या मात्र घालू नयेत.

सिन्सिनाटी टिकली, पण सैनिकांची राहिली नाही. ग्रँड आर्मी सैनिकांची राहिली, पण टिकली नाही. पुढच्या पिढीसाठी कलम बदलण्याची तयारी ज्यांनी दाखविली त्याच संघटना टिकल्या आणि सैनिकांच्याही राहिल्या. हा निर्णय १९४२ मध्ये ज्यांनी घेतला त्यांना स्वत:साठी त्यातून फारसे काही मिळावयाचे नव्हते. युद्ध अजून चालू होते आणि नवे सभासद अजून परत यावयाचे होते. भारतातील पहिले अग्निवीर घरी परततील तेव्हा आपल्या गावातील माजी सैनिकांच्या संघटनेचे दार त्यांना उघडे सापडते की बंद, हे दिल्लीतील कोणत्याही कचेरीवर अवलंबून नाही. ते त्या संघटनेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेवर अवलंबून आहे.